लिस्बन, इथियोपिया आणि वाटेवरचा गोवा

सोळाव्या शतकात इथियोपिया आणि पोर्तुगाल या दोन ख्रिस्ती दरबारांत झालेल्या मैत्रीचा मागच्या अंकात ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. सारख्या शंका एकत्र करून, पत्रे थोडी आखडून येथे उत्तरे देत आहे.

शंका (दापोली): इथियोपियाचा वकील आमच्या दाभोळला उतरला होता, असे आपण लिहिले आहे. आफ्रिकेतून युरोपात जायला कोणी कोकणात कशाला येईल?

समाधान: नकाशा पाहिला की प्रश्न रास्त वाटतो. पण त्या काळी दुसरी धड वाट नव्हती. इथियोपियाजवळ स्वतःचे आरमार नव्हते. उत्तरेला इजिप्तमध्ये मामलुक सुलतानांची सत्ता. इथियोपियाचे यात्रेकरू त्या वाटेने जेरुसलेमला जात, पण सुलतानाविरुद्धच्या मसलतीचे पत्र कैरोतून नेणे म्हणजे आपण होऊन फासावर चढणे. तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला मात्र व्यापारी गलबते नेहमी येत. इथे पोहोचले की पोर्तुगीज भेटत आणि त्यांच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून लिस्बनला जाता येई.

हे पत्र धाडणारी होती राणी एलेनी. मूळची हदिया या मुस्लिम राज्याची राजकन्या, पुढे इथियोपियाच्या सम्राटाची राणी. १५०८ साली लेब्ना डेंगेल लहानपणीच गादीवर आला, तेव्हा कारभार तिच्या हाती होता. मुस्लिम राज्यांचे बळ तिने घरातूनच पाहिलेले होते आणि पोर्तुगीज तोफांची बातमीही तिच्या कानावर आली होती. तिचा प्रस्ताव रोखठोक होता: जहाजे तुमची, धान्य आणि माणसे आमची, आणि दोन्ही घराण्यांच्या मुलामुलींची लग्ने लावू. यातला लग्नाचा भाग काही नवा नव्हता. सम्राट येशाकने १४२८ च्या सुमारास अशीच सोयरीक स्पेनमधल्या अरागॉनच्या राजाला सुचवली होती.

पत्र घेऊन निघाला मातेउस नावाचा आर्मेनियन व्यापारी. १५१२ साली तो दाभोळला पोहोचला. दाभोळ तेव्हा आदिलशाहीत. तिथे तो अडकला, मग सुटून गोव्याला आला. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्कने त्याचे वाजतगाजत स्वागत केले, कारण ख्रिस्ताच्या क्रुसाचा म्हणून मानला जाणारा लाकडाचा तुकडा त्याच्याजवळ होता. पण गोव्यातल्याच कित्येक पोर्तुगीज अधिकाऱ्यांना तो तुर्कांचा हेर वाटला. काळ्या राजाचा वकील गोरा कसा, असा साधा संशय. लिस्बनच्या प्रवासात जहाजाच्या कप्तानांनी त्याला कैद्यासारखे वागवले. १५१४ मध्ये जहाज लिस्बनला लागले आणि राजा मानुएलने वकिलाला मानाने भेटीस बोलावले. ते कप्तान मात्र गजाआड गेले.

शंका (पुणे, इतिहासाची विद्यार्थिनी): प्रेस्टर जॉन हा खरा राजा होता का? पोर्तुगीजांचा त्याच्यावर खरोखर विश्वास होता?

समाधान: असा राजा कधी नव्हता. बाराव्या शतकात युरोपात त्याच्या नावाचे एक बनावट पत्र फिरले आणि पूर्वेला कुठे तरी अफाट श्रीमंत, धर्मनिष्ठ ख्रिस्ती राजा आहे, ही समजूत पक्की झाली. आधी त्याला आशियात शोधले. तिथे सापडेना, तेव्हा त्याला इथियोपियात नेऊन बसवले. तिथे ख्रिस्ती राजे होतेच, तेही चौथ्या शतकापासून.

विश्वास किती होता, ते खर्चावरून समजते. १४८७ साली राजा जॉन दुसरा याने पेरो द कोविल्यां आणि अफोन्सो द पाइव्हा या दोन हेरांना जमिनीच्या वाटेने पाठवले. पाइव्हा वाटेतच वारला. कोविल्यां मात्र वास्को द गामाच्या कितीतरी आधी कन्नूर, कालिकत आणि गोवा पाहून गेला आणि अखेर इथियोपियाच्या दरबारी पोहोचला. दरबाराने त्याला जमीन दिली, बायको करून दिली, मान दिला. परत जाण्याची परवानगी तेवढी दिली नाही. तीसेक वर्षांनी पोर्तुगीज वकिलात तिथे पोहोचली, तर हा गृहस्थ तिथली भाषा आणि रीतिरिवाज आत्मसात करून संसार थाटून बसलेला. त्याच्याइतका कामाचा दुभाषा त्यांना दुसरा कुठला मिळणार?

शंका (नाशिक, निवृत्त शिक्षक): पत्र १५०९ च्या सुमाराचे आणि पोर्तुगीज वकील पोहोचले १५२० साली. त्यानंतरही ते सहा वर्षे तिथेच. एवढा उशीर का?

समाधान: या साऱ्या प्रकरणाचे मर्म तुम्ही नेमके हेरलेत. दोन्ही दरबारांना एकमेकांची गरज होती, पण ती एकाच वेळी क्वचितच होती.

मातेउससोबत १५१५ मध्ये निघालेला पहिला वकील दुआर्ते गाल्व्हां सत्तरी ओलांडलेला होता. तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर तो १५१७ मध्ये वारला. मग १५२० मध्ये गव्हर्नर दियोगो लोपेस द सेकेराने रोद्रिगो द लिमा याच्या नेतृत्वाखाली नवी वकिलात मसावा बंदरात उतरवली. मातेउस इथियोपियात परतला आणि अवघ्या काही आठवड्यांत देब्रे बिझेन मठात मरण पावला.

मधल्या काळात इथियोपियात वारे फिरले होते. लेब्ना डेंगेल तरुण झाला होता, १५१७ च्या सुमारास त्याच्या फौजेने अदाल या मुस्लिम राज्याच्या महफूझ या सेनापतीला ठार केले होते, आणि एलेनीला वाटणारी भीती त्याला वाटत नव्हती. दारी आलेल्या फिरंग्यांची त्याला निकड नव्हती. त्यामुळे वकील छावणीमागून छावणी फिरत राहिले. दरबाराला कायमची राजधानी नव्हती, तंबूंचे नगरच डोंगरातून सरकत असे.

या वकिलातीतला पाद्री फ्रान्सिस्को आल्व्हारेस याने सारे बारकाईने लिहून ठेवले. त्याचे पुस्तक १५४० मध्ये लिस्बनला छापले गेले. लालिबेलाची खडकात कोरलेली देवळे पाहून त्यांचे वर्णन युरोपसाठी लिहून ठेवणारा तोच पहिला. नजराण्याची यादी त्यात आहे: तलवार, कट्यार, चिलखत, शिरस्त्राण, भिंतीवर टांगायचे चार गालिचे, दोन लहान तोफा आणि दारू, एक ऑर्गन, जगाचा नकाशा. राजा मानुएलने गाल्व्हांबरोबर पाठवलेल्या भारी वस्तू वाटेतच पांगल्या होत्या, त्याची चौकशी दरबारात वारंवार झाली. भरीला दिलेल्या मिरीच्या पोत्यांत मात्र सगळ्यांनाच रस होता.

मला त्या नकाशाचा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सम्राटाने पोर्तुगाल कुठे आहे ते विचारले. दाखवलेला देश इवलासा. त्याने हिशेब केला की एवढ्या राजाला एकट्याने तांबडा समुद्र सांभाळणे झेपणार नाही. मग त्याने सुचवले की पोर्तुगालने मसावाला, फ्रान्सच्या राजाने सुआकिनला आणि स्पेनच्या राजाने झेइलाला किल्ला बांधावा. युरोपातले हे राजे एकमेकांच्या उरावर बसलेले आहेत, हे त्याला कोण सांगणार? तरी त्याची मूळ शंका चुकीची नव्हती.

१५२६ मध्ये वकिलात परतली, सोबत इथियोपियाचा वकील सागा झा आब. सम्राटाने पत्रांतून मागितले होते ते कारागीर: सोनार, तलवारी घडवणारे, गवंडी, वैद्य आणि पुस्तके छापणारे. लिस्बनमध्ये मात्र पंडितांनी सागा झा आबला वर्षानुवर्षे धर्ममताच्या उलटतपासणीत अडकवून ठेवले. त्याने आपल्या धर्माची दिलेली माहिती दामियां द गोइस याने १५४० मध्ये छापली, आणि पोर्तुगालमध्ये त्या पुस्तकावर बंदी आली. मित्रराष्ट्राच्या वकिलाची कैफियतच बंद!

शंका (सावंतवाडी): वास्को द गामाचा मुलगा इथियोपियात मारला गेला, हे खरे का? तो तिथे काय करत होता?

समाधान: खरे आहे, आणि दोन्ही दरबारांची गरज एकाच वेळी जुळली ती याच प्रसंगी.

पोर्तुगीज वकिलात गेली आणि तीनच वर्षांत, १५२९ मध्ये, अदालच्या इमाम अहमदने शिंब्रा कुरेच्या लढाईत लेब्ना डेंगेलचा पराभव केला. अहमदला इथियोपियात ग्रान्य, म्हणजे डावरा, म्हणतात. पुढची दहा-अकरा वर्षे सम्राट डोंगरदऱ्यांत पळत होता, मठ आणि देवळे जळत होती. १५३५ मध्ये त्याने जॉन बर्मुदेश याला मदत मागायला पाठवले. मदत यायला १५४१ उजाडले. तोवर, सप्टेंबर १५४० मध्ये, सम्राट देब्रे दामो येथे मरण पावला होता.

१५४१ च्या सुरुवातीला गव्हर्नर एस्तेव्हां द गामा गोव्याहून मोठे आरमार घेऊन तुर्कांची जहाजे जाळायला सुएझपर्यंत गेला. ते काही साधले नाही. परतताना त्याने आपला धाकटा भाऊ क्रिस्तोव्हां याला ४०० माणसांनिशी मसावाजवळ उतरवले. दोघेही वास्को द गामाचे मुलगे. जुलैत ही तुकडी डोंगर चढू लागली. देब्रे दामो म्हणजे चहूबाजूंनी ताशीव कड्यांचा पठारी डोंगर. वर मठ, आणि वर जायचे ते दोर धरून. आपल्या डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या वाचकाला सांगावे लागू नये की अशी जागा थोड्या माणसांनी का राखता येते. विधवा राणी सेब्ले वोंगेल तिथे आश्रयाला होती. ती खाली उतरली आणि फौजेबरोबर निघाली. आजूबाजूच्या प्रांतांतून माणसे आणि रसद मिळाली ती तिच्या शब्दावर, हे विसरता कामा नये. पोर्तुगीज वृत्तान्तांत शौर्य क्रिस्तोव्हांचे आहे, पण देश तिचा होता.

१५४२ च्या फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये पोर्तुगीज बंदुकांनी लढाया जिंकल्या. तेव्हा अहमदने येमेनमधल्या झबीदच्या तुर्कांकडून सुमारे ९०० बंदूकधारी आणि दहा तोफा आणवल्या. २८ ऑगस्ट १५४२ रोजी वोफ्ला येथे पोर्तुगीजांचा धुव्वा उडाला. जखमी क्रिस्तोव्हां पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला.

इथे अहमदने मोठी चूक केली. काम झाले असे समजून त्याने बहुतेक तुर्कांना परत पाठवले. इकडे शंभर-सव्वाशे पोर्तुगीज राणीभोवती जमले, देब्रे दामोवर ठेवलेली हत्यारे आणवली, डोंगरातच बंदुकीची दारू तयार केली. नवा सम्राट गलावदेवोस येऊन मिळाला. फेब्रुवारी १५४३ मध्ये वायना दगा येथे अहमद गोळी लागून मेला आणि त्याची फौज पांगली.

अहमदचे मुंडके एका इथियोपियन सरदाराने बक्षिसासाठी आणले, पण कान आधीच एका पोर्तुगीजाच्या खिशात निघाले, ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. ती बर्मुदेशने लिहिली आहे. राज्याचा तिसरा हिस्सा पोर्तुगीजांना द्यायचा ठरला होता, असेही तोच सांगतो. बर्मुदेश मूळचा वकिलातीतला न्हावी-वैद्य, पुढे त्याने स्वतःला पोपने नेमलेला पॅट्रिआर्क (मुख्य धर्मगुरू) म्हणवले. त्याचे म्हणणे मी जपून घेतो. लढाईसाठी मिगेल द कास्तान्योसोचा वृत्तान्त भरवशाचा, कारण तो स्वतः लढला होता.

शंका (छत्रपती संभाजीनगर): मग आमचा मलिक अंबर याच युद्धातला कैदी का?

समाधान: नाही. युद्ध १५४३ मध्ये संपले, मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमाराचा. त्या युद्धाने गुलामांचा व्यापार वाढवला हे खरे, पण अंबर लहानपणी विकला गेला, अरबी बाजारांतून बगदादला गेला आणि तिथून निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे आला. दरबारांच्या या मैत्रीशी त्याचा संबंध नाही. दख्खनमध्ये तर तो पोर्तुगीजांचा आणि मोगलांचा, दोघांचाही डोकेदुखीचा विषय होता.

शंका (मडगाव): भारतातला पहिला छापखाना इथियोपियासाठी निघाला होता, असे ऐकले. आणि या प्रकरणात गोव्यातले स्थानिक लोक कुठे होते?

समाधान: लेब्ना डेंगेलने मागितलेले छापणारे आठवतात ना? त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी छापखाना निघाला, तोही त्याला हव्या असलेल्या कामासाठी नव्हे. पॅट्रिआर्क म्हणून नेमलेला जॉन नुनेस बारेतो आणि त्याचे जेझुइट सोबती इथियोपियाला रोमचा धर्म शिकवायला निघाले, त्यांच्याबरोबर तो सप्टेंबर १५५६ मध्ये गोव्यात आला. तेवढ्यात बातमी आली की गलावदेवोस रोमचे वर्चस्व मानायला तयार नाही. बारेतो गोव्यातच थांबला आणि १५६२ मध्ये तिथेच वारला. छापखानाही थांबला, आणि सेंट पॉल कॉलेजात चालू झाला. ज्या दरबारासाठी तो निघाला, त्याला त्याचे एक पानही मिळाले नाही. पुढे १६४२ मध्ये गोव्यात इथियोपियाच्या गीझ भाषेतला एक वादग्रंथ छापला गेला, तेव्हा तो दरबार जेझुइटांना दाराशीही उभे करत नव्हता.

स्थानिक माणसांचे म्हणाल, तर एक नाव लक्षात ठेवा: बेल्चियोर द सिल्वा. गोव्यातल्या सांता आना चर्चचा हा पाद्री मूळचा ब्राह्मण घराण्यातला. १५५७ मध्ये तुर्कांनी मसावा घेतल्यानंतर गोऱ्या पाद्रीला तिथून निसटणे अवघड झाले होते. १५८९ मध्ये निघालेले पेद्रो पाएस आणि अकबराच्या दरबारी राहिलेला आंतोनियो मोन्सेरात हे दोघे अरबस्तानच्या किनाऱ्यावर पकडले जाऊन वर्षानुवर्षे येमेनमध्ये कैदेत पडले होते. बेल्चियोर रंगारूपाने कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. १५९८ मध्ये तो पोहोचला आणि १६०३ मध्ये पाएस येईपर्यंत तिथेच राहिलेल्या पोर्तुगीज सैनिकांच्या वंशजांचा धर्मविधी त्याने एकट्याने सांभाळला. जेझुइट इतिहासात त्याला चार-दोन ओळी मिळतात. गोव्यातल्या कोणी त्याचे चरित्र लिहायला घ्यावे.

शंका (मुंबई, वास्तुविशारद): गोंदारचे किल्ले-महाल पोर्तुगीजांनी बांधले असे प्रवासी पुस्तिकांत वाचले. बरोबर आहे का?

समाधान: तारखाच जुळत नाहीत. सम्राट फासिलिदेसने गोंदार वसवले १६३६ मध्ये, जेझुइटांना हाकलून दिल्यानंतर. १६४८ मध्ये तिथे गेलेला येमेनचा वकील अल-हैमी महालाचा बांधणारा हिंदुस्थानी असल्याचे लिहितो. चुन्याचे बांधकामही त्याआधी, सम्राट सुसेन्योसच्या काळात, हिंदुस्थानातून आलेल्या कारागिरांमुळे रुळले. जेझुइटांनी ते कारागीर आणले, तेवढे श्रेय त्यांना जरूर द्या.

शंका (बडोदे): एवढे रक्त सांडून टिकवलेली मैत्री तुटली कशी?

समाधान: एकाच कारणाने, पोर्तुगालने सैनिकांच्या मागोमाग धर्मोपदेशक पाठवले. इथियोपियाचे चर्च अलेक्झांड्रियाशी जोडलेले, त्यांचा धर्मप्रमुख इजिप्तहून येई, शनिवारचा विश्राम आणि सुंता हे त्यांचे जुने आचार. गलावदेवोसने १५५५ मध्ये आपल्या श्रद्धेची बाजू सौम्य शब्दांत मांडली आणि पोर्तुगीज सैनिकांना मात्र सांभाळून घेतले. हे त्याला साधले. सुसेन्योसला साधले नाही.

सुसेन्योसला गादी पक्की करायची होती, सरदार आणि मठ त्याला आवरत नव्हते. पाएस हा मवाळ, भाषा जाणणारा, घाई न करणारा माणूस. त्याच्या प्रभावाखाली सम्राटाने १६२२ मध्ये उघडपणे कॅथलिक पंथ स्वीकारला, आणि त्याच वर्षी पाएस वारला. १६२५ मध्ये आला पॅट्रिआर्क अफोन्सो मेंदेस. त्याने पुन्हा बाप्तिस्मा, पाद्रींची पुन्हा दीक्षा, नवे पंचांग, शनिवारच्या विश्रामावर बंदी असे सगळे एकदम लादले. बंडे झाली. १६३२ मध्ये सम्राट लढाई जिंकला, पण रणात पडलेली सुमारे ८,००० माणसे त्याच्याच देशातली ख्रिस्ती शेतकरी होती. त्याच वर्षी त्याने जुना धर्म परत दिला, गादी मुलाला दिली आणि सप्टेंबरात तो मेला. मुलगा फासिलिदेस. १६३४ पर्यंत जेझुइट देशाबाहेर होते. मेंदेस गोव्याला परतला आणि १६५६ मध्ये तिथेच वारला. माझ्या मते हा दोष एकट्या मेंदेसचा नाही, तरी त्याच्या सात वर्षांनी आधीच्या शंभरांवर पाणी फिरवले.

शंका (सातारा): पोर्तुगीज सुटल्यावर इथियोपियाने कोणाकडे पाहिले?

समाधान: तुर्कांच्या मसावातल्या पाशाकडे, येमेनच्या इमामाकडे आणि औरंगजेबाकडे. फासिलिदेसने खोजा मुराद या आर्मेनियन व्यापाऱ्याला दिल्लीला पाठवले. वकील नजराणा घेऊन सुरतेला उतरले ते नेमके जानेवारी १६६४ मध्ये, शिवाजी महाराजांची फौज शहरात असताना. फ्रेंच प्रवासी बर्नियेने ही मंडळी पुढे दिल्लीत पाहिली. तो लिहितो की त्यांच्याजवळ उरले होते ते ओळखपत्र, काही गुलाम, इथियोपियन कपडे, झेब्र्याचे कातडे आणि कस्तुरीसारखे सुगंधी द्रव्य ठेवायचे रिकामे शिंग. औरंगजेबाने तरीही त्यांना खिलत आणि रोख रक्कम दिली. बर्नियेच्या प्रवासवर्णनात हा भाग थोडक्या पानांचा आहे, पण सुरतेच्या स्वारीवर वाचणाऱ्याने तो चुकवू नये.